स्वयंपाकघरातून न्हाणीघरात: घरगुती स्क्रबच्या घटकांचा आढावा

घरी अंग घासायला काय घ्यावे, यावर सध्या मराठी घरांत दोन कृती शेजारीशेजारी नांदतात. एक जुनी: मसूर डाळीचे किंवा हरभऱ्याचे पीठ, आंबेहळद, वाळा, नागरमोथा, गव्हलाकचोरा, कपूरकाचरी, संत्र्याची वाळलेली साल, हे सगळे दळून, गाळून, दुधात किंवा तेलात कालवलेले उटणे. दुसरी अलीकडे आलेली: साखर किंवा मीठ, खोबरेल, कॉफीचा चोथा आणि वर पिळलेले लिंबू. या दोन्हींचे पुरस्कर्ते एकमेकांना फारसे जुमानत नाहीत, पण त्यांचा मूळ युक्तिवाद एकच आहे. जे पोटात गेलेले चालते, ते कातडीला काय अपाय करणार? उलट बाजूला अनेक त्वचारोगतज्ज्ञ आहेत. घरगुती काहीही नको, तयार आणि तपासलेले घ्या, असे काहींचे म्हणणे. मुळात अंग घासण्याचीच गरज नाही, असे काहींचे. मधली एक भूमिका मात्र क्वचितच नीट मांडली जाते आणि उपलब्ध पुरावा तिच्याच बाजूने झुकतो असे मला वाटते. घटक नैसर्गिक आहे की कारखान्यातला, यावरून फारसे काही ठरत नाही. दाणा किती मोठा आणि कोणत्या आकाराचा, तो पाण्यात विरतो का, मिश्रण किती आंबट, त्यात ओलावा आहे का आणि ते कोणाच्या त्वचेवर जाणार, यावरून बरेच काही ठरते.

दोन इतिहास

अंगाला चूर्ण चोळण्याची परंपरा जुनी आहे. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग आणि व्यायामानंतर उद्वर्तन येते. त्याने कफ आणि मेद घटतो, अवयव घट्ट होतात, त्वचा निर्मळ होते, असे तिथे म्हटले आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात उद्वर्तन, उत्सादन आणि उद्घर्षण असे भेद केलेले आहेत आणि खाज घालवण्यासाठी विटेने घासण्याचाही उल्लेख आहे. म्हणजे खरखरीत वस्तू परंपरेला वर्ज्य नव्हती, पण ती उपचाराच्या खात्यात होती. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लासात स्नान हा राजाच्या उपभोगांपैकी एक म्हणून येतो. औषध आणि चैन हे दोन्ही धागे पुढे नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानात एकत्र आले. उटण्याच्या गुणांविषयी बोलताना आपण वनस्पतींची यादी वाचून थांबतो. त्याहून महत्त्वाची आहे ती रीत: आधी तेल जिरवायचे, चूर्ण वस्त्रगाळ करायचे, ते कोरडे साठवायचे आणि लागेल तेवढेच आयत्या वेळी कालवायचे. नव्या स्क्रबने स्वयंपाकघरातल्या वस्तू उचलल्या आणि ही रीत मागे ठेवली.

दुसरा इतिहास कारखान्याचा. विसाव्या शतकाच्या अखेरीस स्क्रबमध्ये पॉलिएथिलीनचे बारीक गोल मणी वापरले जाऊ लागले. ते त्वचेला तुलनेने सौम्य होते, पण सांडपाण्यातून थेट नद्या-समुद्रात जात. अमेरिकेने २०१५ साली कायदा करून जुलै २०१७ पासून धुऊन टाकायच्या प्रसाधनांत असे मणी घालून उत्पादन करणे थांबवले, ब्रिटनमध्ये २०१८ साली बंदी आली आणि युरोपीय संघाने २०२३ साली हेतुपुरस्सर मिसळलेल्या सूक्ष्म प्लास्टिकवर व्यापक निर्बंध आणले. मण्यांची जागा अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीने, जर्दाळूच्या आठळीच्या चुऱ्याने, साखरेने आणि मिठाने घेतली. यांपैकी अक्रोडाच्या भुकटीवरून २०१६ साली कॅलिफोर्नियात सेंट आयव्ह्जच्या जर्दाळू स्क्रबविरुद्ध ग्राहकांनी दावा लावला. या भुकटीने त्वचेत सूक्ष्म चिरा पडतात, असा आरोप होता. २०१८ च्या अखेरीस न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला: डोळ्यांना न दिसणाऱ्या अशा चिरा हा सुरक्षिततेचा धोका आहे, हे वादींना दाखवता आले नाही. या निकालाचा अर्थ दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने लावतात. अक्रोडाची भुकटी निर्दोष ठरली असा त्याचा अर्थ नाही. अपाय सिद्ध करण्याइतका पुरावा पुढे आला नाही, एवढेच त्यातून निघते. या क्षेत्रातल्या बऱ्याच प्रश्नांची स्थिती अशीच आहे.

त्वचेला मदत लागते का

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत, चपट्या पेशींचा असतो. शरीराच्या बहुतेक भागांवर त्याची जाडी जेमतेम दहा ते वीस मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. पेशींच्या मधे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांचे लिंपण असते. पाणी आत धरून ठेवणे आणि बाहेरचे बाहेर ठेवणे हे काम या दोघांचे. खालून वर येणाऱ्या पेशीचा प्रवास तरुणपणी साधारण चार आठवड्यांत पुरा होतो, वय वाढते तसा लांबतो. वरच्या पेशींना धरून ठेवणारे दुवे त्वचेतलीच विकरे हळूहळू तोडतात आणि पेशी आपोआप गळून पडतात. या विकरांना पुरेसा ओलावा लागतो. म्हणून हिवाळ्यात कोरड्या पडलेल्या नडगीवर जो पांढरा कोंडा दिसतो, तो मळ साचल्याचा नसून ओलावा कमी झाल्याचा असतो आणि त्यावर पहिला उपाय घासणे हा नव्हे, तेल किंवा मलम हा आहे.

‘घासूच नका’ म्हणणाऱ्यांचा आधार हाच. त्यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. टाचा, कोपरे, गुडघे इथे थर मुळातच जाड असतो आणि वय झाल्यावर गळण्याची गती मंदावते. अशा ठिकाणी हलक्या घर्षणाने त्वचा तात्पुरती मऊ लागते यात शंका नाही. उलट, चिकटपट्टी पुन्हा पुन्हा लावून थर उपसण्याचे जे प्रयोग झाले आहेत त्यांत दिसते, की थर पातळ होताच त्वचेतून पाणी उडण्याचा वेग वाढतो आणि खालच्या पेशी दुरुस्तीसाठी भराभर वाढू लागतात. ही दुरुस्ती काही तासांत सुरू होते, पण पूर्ण व्हायला काही दिवस लागतात. रोज घासणारा माणूस अपुऱ्या दुरुस्तीवरच पुन्हा घासत असतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजीचा सल्ला या दृष्टीने माफक आहे: लहान गोलाकार हालचालींनी सुमारे तीस सेकंद, कोमट पाणी, आणि जखम किंवा उन्हाने भाजलेली त्वचा असेल तर अजिबात नाही.

दाणा

घटक निवडताना पहिला विचार दाण्याचा करावा लागतो आणि इथे तीन गुण एकत्र पाहावे लागतात: कठीणपणा, कडा आणि विरघळणे. खनिजांच्या मोह्स मापावर शंखजिरे एक, मीठ दोन ते अडीच, अक्रोडाचे कवच तीनच्या पुढे, प्यूमिस दगड सहाच्या आसपास. पण निव्वळ कठीणपणा दिशाभूल करतो, कारण कवच दळले की त्याचे अणकुचीदार, वेडेवाकडे तुकडे होतात आणि ते शेवटपर्यंत तसेच राहतात. साखर आणि मीठ यांच्याही स्फटिकांना कडा असतात. फरक हा, की पाण्याचा हात लागताच त्या झिजतात. शंभर ग्रॅम पाण्यात सुमारे दोनशे ग्रॅम साखर विरघळते, मीठ मात्र छत्तीस ग्रॅमच. त्यामुळे ओल्या अंगावर साखर झपाट्याने बोथट होते, मीठ अधिक वेळ खरखरीत राहते, शिवाय दाढी किंवा वॅक्सिंग केलेल्या जागी झोंबते. अंग घासण्यासाठी एकच दाणेदार वस्तू निवडायची झाली तर साखर मिठापेक्षा उजवी, आणि दोन्ही अक्रोडाच्या भुकटीपेक्षा उजव्या, एवढे या गुणधर्मांवरून म्हणता येते.

मात्र कोणती साखर? बहुतेक कृती परदेशातून उचललेल्या आहेत आणि तिथे बारीक पांढरी किंवा ओलसर तपकिरी साखर गृहीत धरलेली असते. आपल्या वाण्याकडची एम दर्जाची साखर चाळणीच्या मापाने एक मिलिमीटरहून मोठ्या दाण्याची असते. एस दर्जाची त्याहून लहान, तरी अर्ध्या मिलिमीटरच्या वरच. ज्या थराची जाडी वीस मायक्रोमीटर आहे त्यावर मिलिमीटरभर दाणा दाबून फिरवणे हे टाचेला ठीक, मांडीला किंवा छातीला नाही. साखर मिक्सरमधून एकदा फिरवून घेतली की हा प्रश्न पुष्कळसा सुटतो. तपकिरी साखर ‘अधिक नैसर्गिक’ असल्याचे जे सांगितले जाते त्याचा त्वचेशी संबंध नाही. ती बारीक आणि ओलसर असते म्हणून मऊ लागते.

कॉफीचा चोथा विरत नाही, पण गरम पाण्यात भिजून बऱ्यापैकी मऊ झालेला असतो. त्याच्याभोवती कॅफिनचे एक प्रस्थ आहे: मांड्यांवरील सेल्युलाइट जाते वगैरे. कॅफिन त्वचेतून आत शिरते हे खरे आहे, प्रयोगशाळांत त्वचेची पारगम्यता मोजायला ते वापरलेही जाते. पण दोन मिनिटांत धुऊन टाकायच्या चोथ्यातून, तेही एकदा काढा निघून गेल्यावर, कितीसे शिरणार? दाणा म्हणून कॉफी चालेल. औषध म्हणून तिची बाजू लंगडी आहे. मोरीची जाळी तुंबवण्याची तिची क्षमता मात्र वादातीत आहे.

पिठांचा गट वेगळा. वस्त्रगाळ केलेले मसुराचे किंवा हरभऱ्याचे पीठ ओरखडत नाही. ते तेल आणि घाम शोषून घेते आणि निघताना सोबत सुटलेल्या पेशी नेते. मुलतानी मातीचे कामही शोषण्याचेच, म्हणून ती तेलकट पाठीला बरी आणि हिवाळ्यातल्या कोरड्या हातापायांना वाईट. उटणे चोळताना ज्या वळ्या निघतात त्या बहुतांशी पिठाच्या आणि तेलाच्याच असतात, तो सगळा साचलेला मळ नव्हे. ओट्सची बाजू पिठांत सर्वांत भक्कम आहे: अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ साली कोलॉइडल ओटमीलला त्वचासंरक्षक म्हणून मान्यता दिली. पण ती मान्यता खाज शमवण्यासाठी आहे, घासण्यासाठी नाही. आढाव्यांत ही दोन कामे सर्रास मिसळली जातात.

आंबट वस्तू

घासण्याऐवजी आम्लाने पेशींचे दुवे सैल करणे हा दुसरा मार्ग. १९७४ साली यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू यांनी त्वचा खवल्यांसारखी होणाऱ्या इक्थिओसिस या विकारात अल्फा हायड्रॉक्सी आम्लांचा उपयोग दाखवला आणि आजची ग्लायकोलिक व लॅक्टिक आम्लाची उत्पादने त्यातून आली. मग घरगुती बाजू म्हणते: लॅक्टिक आम्ल दह्यात आहे, सायट्रिक लिंबात, ग्लायकोलिक उसात, तर विकत कशाला घ्यायचे? यातले उसाचे उत्तर सोपे आहे. ग्लायकोलिक आम्ल उसाच्या रसात थोडे असते. पांढऱ्याशुभ्र साखरेच्या दाण्यात ते शोधून उपयोग नाही. दह्यात लॅक्टिक आम्ल एक टक्क्याच्या आसपास असते आणि त्याचा पीएच साधारण साडेचार. या पीएचला आम्लाचा मोठा हिस्सा लवणरूपात असतो, त्यामुळे पेशी सुटण्याचा परिणाम किरकोळ. पण लॅक्टेट हा त्वचेच्या स्वतःच्या ओलावा धरणाऱ्या द्रव्यांपैकी एक असल्याने दही लावून त्वचा मऊ लागते हा अनुभव खोटा नाही.

लिंबाची गोष्ट उलट आहे. अमेरिकेतील प्रसाधन घटकांची छाननी करणाऱ्या तज्ज्ञ मंडळाने ग्राहकांसाठीच्या उत्पादनांत अल्फा हायड्रॉक्सी आम्ले १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.५ च्या खाली न जाता वापरावीत अशी मर्यादा घातली. लिंबाच्या रसाचा पीएच दोन ते अडीचच्या घरात असतो. त्यात लिंबूवर्गीय फळांत, विशेषतः सालीत, फ्युरोकौमारिन नावाची द्रव्ये असतात. ती अंगावर राहिली आणि ऊन लागले की भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे महिनोन्महिने काळे डाग राहतात. काही उटण्यांत बावची घालतात. तिच्यातही याच कुळातले सोरालेन असते आणि कोडावरच्या उपचारात तिचा वापर त्याच गुणामुळे होतो. सणाच्या पहाटे लावून घरात बसणाऱ्याला याचा त्रास कदाचित होणार नाही. उन्हात जाणाऱ्याने लिंबू आणि बावची दोन्ही वगळावीत, यावर फारसे दुमत दिसत नाही. खाण्याचा सोडा त्वचेला नको इतका अल्कली आहे, त्याच्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

तेल, आणि पाण्याचा प्रश्न

तेल निवडताना सुगंधापेक्षा मेदाम्ले पाहावीत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात ऑलिव्ह तेलाने प्रौढांच्या त्वचेचा अडसर कमकुवत झाला, सूर्यफूल तेलाने टिकला. ओलिक आम्लाचे प्रमाण हे त्याचे बहुधा कारण. अॅटोपिक त्वचा असलेल्या मुलांवरच्या एका चाचणीत व्हर्जिन खोबरेल खनिज तेलापेक्षा सरस ठरले. कोकणातल्या घरांना यात नवे काही नाही, तरी पाठीवर पुळ्या येणाऱ्यांनी जाड तेलांपासून लांब राहावे.

साठवणीबद्दल मात्र दोन्ही बाजू पुरेसे बोलत नाहीत. साखरेत पुरेसे मुरलेले मिश्रण जंतूंना वाढू देत नाही, मुरांबा टिकतो तसे ते टिकते. पण न्हाणीघरात ओला हात बरणीत गेला, की वरच्या थरात पाणी वाढते आणि तेवढ्या भागातले संरक्षण संपते. दही, दूध, कोरफडीचा गर, फळांचा गर घातलेले मिश्रण तर पहिल्या दिवसापासून नाशवंत. तयार उत्पादनांत परिरक्षके याचसाठी असतात, आणि ‘केमिकल नको’ म्हणून ती काढून टाकणाऱ्याने पाणीही काढून टाकायला हवे. कोरडे उटणे हा प्रश्न मुळातच उद्भवू देत नाही.

खाण्याचे पदार्थ त्वचेवर

आता मूळ युक्तिवादाकडे. खाता येते ते लावता येते, या समजाला गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सर्वांत मोठा धक्का अॅलर्जीच्या संशोधनाने दिला. २००३ साली गिडियन लॅक आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील मुलांच्या पाहणीत दाखवले, की शेंगदाण्याची अॅलर्जी आणि लहानपणी अंगाला लावलेली शेंगदाणा तेलयुक्त मलमे यांचा संबंध आहे. त्यातून पुढे असा सिद्धान्त मांडला गेला, की अन्नातील प्रथिन तोंडावाटे गेले तर शरीर ते सहन करायला शिकते आणि फुटलेल्या त्वचेवाटे गेले तर त्याच्याविरुद्ध उठते. जपानमध्ये याचे ढळढळीत उदाहरण घडले: गव्हाचे विघटित प्रथिन असलेला चेहऱ्याचा एक लोकप्रिय साबण वापरून दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची अॅलर्जी जडली. आयुष्यभर गव्हाचे पदार्थ खाल्लेल्यांना ते खाल्ल्यावर गंभीर प्रतिक्रिया येऊ लागल्या. २०११ साली तो साबण परत मागवण्यात आला.

यावर आक्षेप उघड आहे. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या डाळीचे पीठ लावले जाते, तसे काही झालेले दिसत नाही. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. जपानी साबणातले प्रथिन विशिष्ट प्रक्रियेने तोडलेले होते, त्याला फेसाची जोड होती आणि वापर रोजचा होता. वर्षातून चार दिवस तेलावर लावलेल्या बेसनाशी त्याची थेट तुलना होत नाही. पण ‘काही झालेले दिसत नाही’ याचे वजन कोणी पाहिले होते यावर अवलंबून असते, आणि हरभरा व मसूर यांची अॅलर्जी भारतीय रुग्णांत आढळतेच. दोन परिस्थितींत मी सावधगिरीकडे झुकेन. एक, एक्झिमा असलेली, खाजवून फुटलेली त्वचा. दुसरी, तान्ह्या बाळाची लव काढण्यासाठी पिठाचा गोळा फिरवण्याची पद्धत. ती लव आपोआप गळते आणि बाळाचा त्वचेचा अडसर अजून पुरता पक्का झालेला नसतो. इथे मिळकत शून्य आहे, म्हणून धोका थोडा असला तरी हिशेब जमत नाही.

हळदीबद्दल एक वेगळी चिंता आहे, तिच्या शुद्धतेची. पिवळेपणा वाढवायला लेड क्रोमेटची भेसळ होते हे उपखंडात वारंवार आढळले आहे. शिसे धड कातडीतून फारसे आत जात नाही. हातावरून तोंडात आणि भुकटी उडून श्वासात जाते. सुटी पूड घेण्याऐवजी हळकुंड आणून दळणे हा जुनाच उपाय आहे.

उजळपणाचा दावा

उटण्याच्या जाहिरातीतले सर्वांत टिकाऊ वचन उजळ कांतीचे असते. घासून जाणारा थर मृत पेशींचा, रंगद्रव्य तयार होते ते खाली. त्यामुळे मूळ रंग घासून बदलत नाही, पृष्ठभाग गुळगुळीत झाल्याने प्रकाश जरा नीट परततो इतकेच. उलट दिशेचा पुरावा मात्र आहे. १९८० च्या दशकात जपानी डॉक्टरांनी नायलॉनच्या पंचाने वर्षानुवर्षे अंग घासणाऱ्यांच्या गळ्याच्या हाडांवर, पाठीच्या कण्यावर काळसर पट्टे आल्याची नोंद केली, आणि भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनाही नायलॉनच्या घासणीने आलेला असा काळेपणा परिचित आहे. सावळ्या त्वचेत कोणताही दाह मागे डाग ठेवून जातो. काळी पडलेली मान किंवा कोपर अधिक जोराने घासणे हे म्हणूनच उफराटे औषध आहे, शिवाय मानेवरचा मखमली काळेपणा अनेकदा इन्सुलिनशी निगडित असतो, तिथे स्क्रब नव्हे तर रक्तातील साखरेची तपासणी लागते.

काय ठरलेले नाही

घरगुती स्क्रबचे घटक एकमेकांशी तोलणाऱ्या नियंत्रित चाचण्या जवळजवळ नाहीत. वर जे पुरावे आले ते तेलावरचे, आम्लांवरचे, अॅलर्जीवरचे; साखर विरुद्ध मसूर असा प्रयोग करण्यात कोणाला पैसा दिसत नाही. आठवड्यातून किती वेळा घासावे याचे आकडे सल्ल्यांत सर्रास येतात, पण ते अनुभवावर बेतलेले असतात. सूक्ष्म चिरांचा प्रश्न न्यायालयात संपला तरी प्रयोगशाळेत उघडाच आहे. उटण्यातल्या वाळा, नागरमोथा, कचोरा यांच्या गुणांवर जे काम झाले आहे ते बहुतेक अर्कांवर आणि काचपात्रांत; दोन मिनिटे अंगावर राहणाऱ्या चूर्णातून त्यातले किती उतरते, हे मोजलेले नाही. अखंड, निरोगी त्वचेवर अधूनमधून लावलेले डाळीचे पीठ संवेदनशीलता निर्माण करते का, हा यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. त्याचे उत्तर जिथे उटणे अजून घरोघरी लागते आणि डाळी रोजच्या जेवणात असतात अशाच समाजात शोधता येईल, म्हणजे ते काम पुण्या-मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवाक्यातले आहे.